एक, दोन, तीन, आता हात उचल

पुण्यात आषाढाची झड लागली आहे. कोथरूडला ताईच्या घरी बुंदी सकाळपासून दाराशी घुटमळते आहे. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली ही देशी कुत्री. पिल्लू असताना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर सापडली आणि घरची झाली. आज फिरायला जायची सोय नाही. ती चपलांच्या कपाटात तोंड घालते, मग सोफ्यावरची उशी ओढते.

"तिला काहीतरी काम हवंय," माझी दहा वर्षांची भाची म्हणते आणि तडक स्वयंपाकघरात जाते. "आजी, ते जुनं इडलीपात्र दे ना."

आजी ओट्याखालून ॲल्युमिनियमच्या थाळ्या काढून देतात. भाची फ्रीजमधला डबा उघडते. त्यात मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचे तुकडे आहेत. फ्रीजच्या दारावर तिच्याच अक्षरातला कागद आहे: 'बुंदीला बंद: चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण.' चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे सगळं ती मला डबा हातात धरूनच सांगते. सहा वर्षांचा भाचा तोवर जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करतो आहे. थाळीच्या काही खळग्यांत चिकन, काहींत नुसतीच हवा, आणि सगळ्यांवर कागदाचे बोळे.

"बुंदी, शोध!"

बुंदी थाळीवर मान झुकवते आणि घरात एक बारीक, भरभर आवाज सुरू होतो. हुंगण्याचा. कुत्रं हुंगतं तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर होते. नाकपुडीच्या बाजूला चीर असते. श्वास तिथून मागच्या बाजूला निघून जातो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. बुंदी रिकाम्या खळग्यांवरून न थांबता पुढे सरकते. बरोबर जागी आली की नाकाने बोळा उडवते, तुकडा उचलते, पुढच्याकडे वळते. भाचा टाळ्या पिटतो. थाळी रिकामी होते तेव्हा बुंदी उशीकडे ढुंकूनही बघत नाही. सकाळपासून दाराशी घुटमळणारी ती हीच का, असा प्रश्न पडावा इतकी ती निवांत झाली आहे. नाकाला काम मिळालं की कुत्र्याचं डोकं दमतं, आणि हे दमणं त्याला सुखाचं असतं.

आता लपाछपी. ताई बुंदीला आतल्या खोलीत धरून बसते. भाचा बाल्कनीच्या पडद्यामागे जाऊन उभा राहतो आणि एकदाच हाक मारतो, "बुंदीऽऽ!" ताई हात सोडते. बुंदी आधी जमिनीलगत हुंगत त्याच्या पलंगाकडे जाते, कारण त्याचा वास तिथे सगळ्यात दाट. मग थबकते, नाक वर करते, वाऱ्याबरोबर आलेलं काहीतरी पकडते आणि वळून सरळ पडद्यात घुसते. आतून खिदळण्याचा आवाज येतो. पुन्हा, पुन्हा, असा ओरडा होतो. तिसऱ्या डावाला आजीही देवघराच्या दाराआड उभ्या राहतात, आणि बुंदी त्यांना शोधून काढते तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

याच आनंदात भाचा बुंदीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून तिला घट्ट आवळतो. बुंदी गुरगुरत नाही, हलतही नाही. फक्त मान बाजूला वळवते, ओठांवरून जीभ फिरवते आणि मोठी जांभई देते.

"सोड तिला," भाची म्हणते. तिचा आवाज शांत आहे, पण त्यात ठामपणा आहे. "ती जांभई देतेय बघ."

"झोप आली तिला."

"झोप नाही. तिला नको आहे."

हा क्षण मी श्वास रोखून बघते. कारण हेच ऐकायचं राहून गेलं की घरात अपघात होतात. मुलांना होणारे बरेचसे चावे अनोळखी कुत्र्यांचे नसून ओळखीच्या कुत्र्यांचे असतात. मान वळवणं, ओठ चाटणं, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, अंग ताठरणं, हे सगळं कुत्रं दात दाखवण्याच्या कितीतरी आधी बोलून दाखवतं. आपण मोठी माणसं त्याला 'किती गरीब आहे' म्हणून मोकळे होतो.

भाचा हात काढतो. त्याचा चेहरा पडला आहे. भाची त्याला शेजारी बसवते. "आता मोजून कुरवाळ. मानेच्या बाजूला, डोक्यावर नाही."

तो हळू हात फिरवतो. "एक... दोन... तीन."

"आता हात उचल. आणि थांब."

बुंदी क्षणभर तशीच बसते. मग तिचं ओलं नाक त्याच्या तळव्याखाली शिरतं आणि हात वर ढकलतं. "हो म्हणाली! ती हो म्हणाली!" भाचा ओरडतो. तो पुन्हा तीनपर्यंत मोजतो, पुन्हा हात उचलतो. या खेपेला बुंदी उठून पाण्याच्या भांड्याकडे जाते. तो तिच्या मागे धावत नाही. "आता नाही म्हणाली," एवढंच मला येऊन सांगतो.

दुपारी पाऊस उघडतो. आम्ही सगळे खाली उतरतो. आज रस्ता बुंदी ठरवणार, असं मुलांनी जाहीर केलं आहे. त्यामुळे शंभर पावलांना बराच वेळ लागतो. प्रत्येक खांब, प्रत्येक ओलं पान वाचून होतं. कुणी पट्टा ओढत नाही. परतल्यावर पायांची बोटं कोरडी पुसायची आणि कानामागे गोचीड शोधायची, ही कामं दोघांनी आधीच वाटून घेतली आहेत.

फाटकाशी शेजारचा एक लहानगा हात पसरून बुंदीकडे झेपावतो. भाचा मध्ये उभा राहतो. "थांब. आधी तिला विचार. हात खाली ठेव, ती येईल तुझ्याकडे. आली तर तीनपर्यंत मोजायचं."

बुंदी येते, हुंगते, शेपटी हलवते. लहानगा मोजायला लागतो.

चेंडू, दोरी, लपाछपी हे खेळ प्राणी असलेल्या प्रत्येक घरात व्हावेत. पण सगळ्यात आधी हा मोजण्याचा खेळ व्हावा, असं मला मनापासून वाटतं. जिला बोलता येत नाही तिचा नकार ज्या मुलाला सहाव्या वर्षी ऐकू येतो, ते मूल पुढे माणसांचा नकारही ऐकेल.