पाटी बदलली, आकार तोच

लंडनच्या सिटी भागातला १८३ मीटर उंचीचा नॅटवेस्ट टॉवर १९८१ मध्ये खुला झाला, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याहून उंच इमारत नव्हती. २४ एप्रिल १९९३ रोजी बिशप्सगेटवर आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा ट्रक-बॉम्ब फुटला आणि टॉवरची मोठी हानी झाली. इमारत दुरुस्त होऊन नवी झाली खरी, पण नॅटवेस्ट बँक तिथे पुन्हा राहायला आली नाही.

मग भाडेकरू शोधायचे, तर अडचण नावाचीच. दुसऱ्या बँकेचं नाव आपल्या लेटरहेडवर कोण छापणार? आधी ‘इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर’ असं भारदस्त, पण कुठल्याही शहरात खपेल असं नाव दिलं गेलं. पुढे ‘टॉवर ४२’ आलं. मधल्या काँक्रीटच्या गाभ्यातून बाहेर झेपावणारे मजले ४२, म्हणून हे नाव. आकड्याला ना मालक असतो ना स्पर्धक. हे बारसं मला तरी जमलेलं वाटतं.

जागेचा दोषही इथे पथ्यावर पडला. गाभ्याने बरीच जागा खाल्ल्याने मजले आटोपशीर. शेकडो दलाल एका दालनात बसवणाऱ्या बड्या बँकांना ते अपुरे, पण छोट्या कंपन्यांना सोयीचे.

एक गोष्ट मात्र रंगसफेदीने पुसता आली नाही. टॉवर वरून पाहिला, तर त्याचा आराखडा आजही नॅटवेस्टच्या बोधचिन्हासारखाच दिसतो.