एकाच कणगीतले बियाणे : ई-मेलच्या बॅकअपविषयीचे गैरसमज

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेली गाणी त्या म्हणत राहिल्या, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही उतरवून घेतली. डिसेंबर 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. कागदावर आले तेवढे आपल्याला मिळाले, बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. शेजारच्या धुळ्यात याची दुसरी बाजू दिसते. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव आणि त्यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने मठामठांतून मिळवलेली रामदासी हस्तलिखिते आहेत. हे वाङ्मय टिकण्याचे एक कारण अगदी साधे आहे. एकाच ग्रंथाच्या नकला अनेक मठांत होत्या. एका मठातली पोथी वाळवीने खाल्ली, तरी दुसऱ्या मठातली शाबूत राहायची. मूळ वस्तूवर जे संकट येईल ते जिच्यावर येणार नाही, तीच खरी प्रत. ई-मेल आणि त्याला जोडलेली कागदपत्रे जपताना हीच कसोटी लावली, तर प्रचलित समजुतींपैकी बऱ्याच तिथेच गळून पडतात.

सर्वांत पसरलेली समजूत अशी की मेल मुळातच ‘क्लाउड’वर असतो, मग त्याचा वेगळा बॅकअप कशाला? क्लाउड म्हणजे कुठल्याशा कंपनीचे संगणक, आणि तिथली आपली जागा त्या कंपनीच्या अटींवर मिळालेली असते. जीमेलच्या फुकट खात्याला 15 जीबी जागा मिळते, आणि तीही मेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांत वाटलेली असते. 1 जून 2021 पासून नवे फोटोही याच हिशेबात धरले जातात. त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओंनी जागा भरली की बँकेचा मेलही आत येत नाही. कचरापेटीत टाकलेला मेल 30 दिवसांनी कायमचा पुसला जातो. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतल्या मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने 2023 मध्ये जाहीर केले आहे. पासवर्ड विसरला आणि खात्याला जोडलेला जुना मोबाइल नंबरही बंद पडला, तर मेल जागच्या जागी असूनही आपल्याला मिळत नाही. महाविद्यालयाने किंवा नोकरीच्या ठिकाणी दिलेले मेल खाते तर आपल्या मालकीचेच नसते. ते कधी बंद करायचे हे ती संस्था ठरवते. मेल क्लाउडवर आहे याचा अर्थ मूळ वस्तू तिथे आहे एवढाच. प्रत अजून झालेलीच नाही.

दुसरी समजूत जास्त फसवी आहे : मेल फोनवर दिसतो, दुकानातल्या संगणकावर दिसतो, क्लाउडवर तर असतोच, म्हणजे तीन प्रती झाल्या. ही एकच वस्तू तीन आरशांत दिसते आहे. आजची बहुतेक मेल-ॲप आयमॅप किंवा तशाच पद्धतीने चालतात, म्हणजे सर्व्हरवर जे असेल तेच प्रत्येक उपकरणावर दाखवतात. फोनवर चुकून पुसलेला मेल संगणकावरूनही जातो. संगणकातला फोल्डर ड्राइव्हशी जुळवून ठेवण्याच्या सोयीलाही हेच लागू पडते. खंडणीखोर विषाणूने संगणकातल्या फाइली कुलूपबंद केल्या, तर त्यांची कुलूपबंद आवृत्ती इमानेइतबारे वर पोहोचते. अशा सेवांत फाइलीच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, हे खरे. पण ती मुदत संपण्याआधी नुकसान लक्षात यावे लागते, आणि पाच वर्षांपूर्वीची विमा पॉलिसी हरवल्याचे सहसा ती लागते त्याच दिवशी कळते.

यावर रास्त आक्षेप निघतो की एवढ्या मोठ्या कंपन्या स्वतः प्रती ठेवतात, आपण वेगळे काय करणार? ठेवतात, आणि त्याचा उपयोगही झालेला आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुकीने काही जीमेल खाती रिकामी दिसू लागली, तेव्हा गूगलने ती चुंबकीय टेपवरच्या प्रतींमधून पूर्ववत केली. पण ती सोय कंपनीच्या चुकीसाठी असते. आपण स्वतः पुसले, खाते गमावले किंवा मुदत उलटू दिली, तर कंपनी आपल्यासाठी टेप काढत बसत नाही. शिवाय मोठेपणा ही हमी नसते. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा त्यात 858 टेराबाइट माहितीसह नष्ट झाली, कारण तिची प्रत बाहेर कुठेच नव्हती. याच्या उलट, मे 2024 मध्ये ‘युनिसुपर’ या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीचे क्लाउड खाते गूगलकडून चुकून पुसले गेले, पण दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रती त्या निधीच्या कामी आल्या. पहिल्या उदाहरणात सगळे बियाणे एकाच कणगीत होते, दुसऱ्यात नव्हते.

बॅकअप घेणारेही दोन ठिकाणी चुकतात. गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीतून सगळे मेल ‘एमबॉक्स’ प्रकारच्या फाइलीत बाहेर काढता येतात, आणि वर्षभर दर दोन महिन्यांनी ते आपोआप व्हावे असेही ठरवता येते. मात्र ही फाइल कुठे ठेवायची असे विचारल्यावर अनेक जण त्याच खात्याचा ड्राइव्ह निवडतात. मग तीच 15 जीबी आणखी भरते, आणि खाते गेले तर मेल व त्याची प्रत दोन्ही एकदम जातात. ती ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हसारख्या वेगळ्या सेवेत पाठवावी, किंवा उतरवून घेऊन बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. दुसरी चूक जोडपत्रांची. जीमेलमध्ये 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की मेलबरोबर फक्त ड्राइव्हचा दुवा जातो. आपण मेल जपला तरी फाइल पाठवणाऱ्याच्याच ताब्यात राहते. त्याने ती काढली की हाती उरतो तो निरुपयोगी दुवा. म्हणून महत्त्वाची फाइल आली त्याच दिवशी उतरवून घेतलेली बरी.

स्क्रीनशॉट किंवा छापील कागद पुरेसा आहे, असेही सर्रास मानले जाते. वाचण्यापुरता तो पुरतो. पण मेल कुठल्या सर्व्हरवरून, कधी निघाला याची नोंद त्याच्या न दिसणाऱ्या शीर्षभागात असते, आणि छपाईत ती गळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 63 इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना ठरावीक प्रमाणपत्र मागते, आणि त्याच्या नमुन्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा अंकी ठसा, द्यावा लागतो. वाद होऊ शकेल असा मेल म्हणूनच ‘डाउनलोड मेसेज’ या पर्यायाने मूळ स्वरूपात ठेवावा. डिजिलॉकर आहे ना, असे कोणी म्हणेल. सरकारी खात्याने वा विद्यापीठाने तिथे थेट दिलेला दाखला नियमाने मुळाच्या बरोबरीचा धरला जातो. आपण स्वतः चढवलेली छायाप्रत मात्र छायाप्रतच राहते, आणि व्यापाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार तिथे आपोआप येत नाही.

उरलेला आक्षेप खर्चाचा आणि गोपनीयतेचा. सगळेच जपायचे म्हटले तर खर्च वाढतो, पण सगळे जपायचेच नसते. रावेरच्या केळी व्यापाऱ्याला किंवा जळगावच्या डाळमिल मालकाला हजारो जाहिरातींचे मेल नकोत. त्याला हवी असतात बिले, कर्जमंजुरीची पत्रे, विम्याचे कागद आणि कराच्या नोटिसा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायची असतात. एवढा निवडक ऐवज एका पेनड्राइव्हवरही मावतो. गोपनीयतेची शंका रास्त आहे. आधार, पॅन, बँकेचे तपशील दुसऱ्या सेवेत ठेवताना फाइलीला पासवर्डचे कुलूप लावावे, त्या खात्यालाही दोन टप्प्यांची ओळखतपासणी चालू करावी, आणि तो पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावा. किल्लीच हरवली तर जपलेली प्रत आपल्यालाही बंद होते.

शेवटचा गैरसमज हा की बॅकअप एकदा घेतला म्हणजे झाला. ‘पूर्ण झाले’ असा संदेश दिसला याचा अर्थ फाइल तयार झाली इतकाच. ती उघडते का, हे उघडूनच कळते. ‘थंडरबर्ड’सारख्या फुकट प्रोग्राममध्ये एमबॉक्स फाइल आणून तीन वर्षांपूर्वीचा एखादा मेल शोधावा आणि त्याचे जोडपत्र उघडून पाहावे. त्यासाठी वेगळा मुहूर्त नको. जगभर बॅकअपची आठवण करून देणारा दिवस 31 मार्चला असतो, आणि आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्षाचे हिशेब मिटतात. वह्या बंद करायला बसलेल्या माणसाने त्याच बैठकीत जुनी प्रत एकदा उघडून पाहिली, तर ती नुसती ठेवलेली आहे की खरोखर वाचलेली आहे, हे त्याला नुकसान होण्याच्या आधी कळेल.