हिरवी साल, गोड फोड

ऑक्टोबर संपत आला की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर भागातल्या बगीच्यांत संत्र्याच्या आंबिया बहाराच्या सौद्यांना वेग येतो. व्यापारी ओळींमधून फिरतो, झाडावर माल किती लागला याचा नजरेनेच अंदाज घेतो, एखादा संत्रा तोडून सोलून पाहतो. बोलणं शेवटी सालीवर येतं. माल हिरवा आहे, म्हणून भाव कमी. बागायतदाराला ठाऊक असतं की आतली फोड गोड झाली आहे. पण हिरव्या सालीपुढे त्याचं काही चालत नाही. वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब ज्या रंगावर होतो, तो रंग गोडीचा पुरावा नाही, हे वनस्पतिशास्त्राला कधीचं ठाऊक आहे.

सालीचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळे असतो. ते मोडायला थंड रात्री लागतात. रात्रीचं तापमान 13 अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागलं की सालीतलं हरितद्रव्य विघटित होतं आणि कॅरोटीनॉइड गटातली रंगद्रव्यं वर येतात. संत्र्याच्या नारिंगी रंगात बीटा-क्रिप्टोझँथिनचा वाटा मोठा असतो. आत साखर साठणं आणि आम्ल कमी होणं ही वेगळी प्रक्रिया आहे. ती फळाच्या वयावर, पानांच्या आरोग्यावर आणि मिळालेल्या उन्हावर चालते. स्पेनसारख्या देशात दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात, कारण तिथे फळ पिकताना थंडीही पडलेली असते. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर ऑक्टोबरच्या रात्री अजून उबदार असतात. छिंदवाड्याच्या पठारावर गारवा आधी येतो. घाट उतरून सौंसरला आलं की हवा नागपूरसारखी होते. म्हणून फोड तयार होते आणि साल मागे राहते. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये तर हिरव्या सालीचीच संत्री बाजारात येतात आणि लोक ती निःशंक घेतात.

आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतो. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो. मृगाच्या फळाला अख्खा हिवाळा मिळतो, म्हणून त्याला रंग छान चढतो आणि बाजारातही त्याला मान असतो. मग सगळ्यांनी मृगच का धरू नये? कारण मृग धरणं माणसाच्या हातात थोडंच आहे.

संत्र्याच्या झाडाला फुलावर आणण्यासाठी त्याची वाढ थांबवावी लागते. थंडी हे काम करते, पाण्याचा ताणही करतो. दोन्हींमुळे पानांत फुलोऱ्याचा संकेत देणारं प्रथिन वाढतं, ते शेंड्याकडे जातं आणि तिथल्या डोळ्याला पानाऐवजी कळी धरायला लावतं. आंबियाला डिसेंबरची थंडी आणि ताण असा दुहेरी आधार असतो. मृगाला आधार फक्त ताणाचा, तोही एप्रिल-मेच्या उन्हात. हलक्या, मुरमाड जमिनीत महिनाभरात झाड ताणावर येतं. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात, कारण ती खोलवर ओल धरून ठेवते. ऐन नवतपात एखादी जोराची सर आली की सगळं मुसळ केरात. ताण तुटतो, झाड नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर जातं, फूल दिसतच नाही. उलट जूनचा पाऊस लांबला तर ताण सोडायला विहिरीत पाणी उरलेलं नसतं. आंबवणी आणि चिंबवणी, म्हणजे ताण सोडतानाचं पहिलं हलकं आणि दुसरं थोडं भरीव पाणी, त्यासाठी तरी साठा हवाच. पाऊस लहरी झाल्यापासून मृगाचा भरवसा कमी झाला आहे. म्हणून आंबियावरची भिस्त वाढते, आणि आंबिया म्हणजे हिरवी साल.

आता चवीचं मोजमाप. रिफ्रॅक्टोमीटर हे हातात मावणारं साधन आहे. काचेवर रसाचे एक-दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात, तिथला आकडा म्हणजे ब्रिक्स, रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण. त्यात साखरच सर्वाधिक असते. नागपुरी संत्र्यात तो 10 च्या आसपास किंवा वर असावा. मात्र एकट्या ब्रिक्सवर विसंबू नये. ब्रिक्स आणि आम्लता यांचं गुणोत्तर जिभेच्या अधिक जवळ जातं. ते 14 च्या आसपास आलं की फळ तयार झालं असं मानता येतं. आम्लता मोजायला थोडं रसायन लागतं, पण शाळेच्या प्रयोगशाळेत जमेल इतकंच.

हे मोजमाप तोडणीआधीच व्हायला हवं, कारण संत्रा आंब्यासारखा आढीत पिकत नाही. आंब्यात, केळ्यात स्टार्चचा साठा असतो आणि तोडल्यावर त्याची साखर होते. संत्र्यात असा साठाच नसतो. झाडावरून उतरला त्या क्षणी त्याची साखर ठरली. भाव चढे आहेत म्हणून सप्टेंबरातच कच्चा माल उतरवला तर तो पुढे गोड होत नाही, फक्त पिवळा होतो. आणि असा एक आंबट संत्रा खाल्लेलं गिऱ्हाईक पुढचे कितीतरी दिवस संत्र्याकडे वळत नाही. त्याची किंमत वेळेवर माल काढणारे मोजतात, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

तयार झालेल्या हिरव्या मालाला रंग देता येतो, तोही सरळ मार्गाने. बंद खोलीत 27-28 अंश तापमान, 90 टक्क्यांवर आर्द्रता आणि हवेच्या दहा लाख भागांत 5 ते 10 भाग एथिलीन ठेवलं की दोन-तीन दिवसांत साल रंगते. हा वायू फळं स्वतःही बनवतात. भारतात फळांसाठी तो चालतो, कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे. अशा खोल्या बगीच्यांच्या जवळ हव्यात. आणि त्यांत फक्त आतून तयार झालेला मालच जावा, नाहीतर ती फसवणूक होईल.

उक्ता सौदा इथे आडवा येतो. अख्ख्या बगीच्याची एकच रक्कम ठरली की कोणत्या झाडाची फोड गोड, कोणाची आंबट, याला किंमतच उरत नाही. वर आपला संत्रा घेणाऱ्या बांगलादेशाचं आयात शुल्क. 2019 मध्ये किलोमागे 20 रुपयांच्या आसपास असलेलं हे शुल्क 2023 मध्ये 88 रुपयांवर पोचलं आणि आंबियाची मोठी बाहेरची वाट अडली. राज्याच्या सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या वरूड, नरखेड, काटोलचा मालही मग त्याच देशी बाजारात उतरतो आणि सगळ्यांचाच भाव पडतो.

भाव पडला की बागायतदार माल झाडावरच ठेवतो. थंडी वाढते, रंग येतो, दर सुधारेल अशी आशा असते. पण झाडावर लटकलेलं फळ फुलोऱ्याचा तो संकेत दाबून धरतं. माल जितका जास्त आणि जितका उशिरापर्यंत राहील, तितकी पुढच्या बहाराची फुलं कमी. शिवाय अति पिकलेल्या फळाची साल फोडींपासून सुटते, फळ पोकळ वाटू लागतं आणि वाहतुकीत दबतं. म्हणजे नोव्हेंबरमध्ये सालीच्या रंगासाठी अडलेला सौदा पुढच्या वर्षीच्या मालातूनही वसूल होतो, आणि तो सौदा करताना बांधावर कुणी रसाचे दोन थेंबही तपासलेले नसतात.