पिंजरा घरात ठेवावा कुठे?

नवतपा म्हणजे काय, हे चामोर्शीत दुपारी दोन वाजता टिनाच्या सपरीत पाच मिनिटे उभे राहिल्यावर कळते. तीन वर्षांपूर्वी त्याच सपरीत आम्ही नागपूरहून आणलेल्या दोन गिनीपिगांचा पिंजरा ठेवला होता. सपरीला वारा असतो, घरात वास येत नाही, मुलांना येता-जाता प्राणी दिसतात, असा विचार त्यामागे होता. त्यात सोय होती ती सगळी आमची. मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी त्यांतला एक आडवा पडून धापा टाकताना दिसला. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याला आत आणेपर्यंत सारे संपले होते. धाकटीने दोन दिवस नीट जेवण घेतले नाही आणि आम्हा मोठ्यांना तिच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही.

उत्तर खरे तर सोपे होते. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांतला. अंगभर दाट केस, आखूड कान, शेपूट नाहीच, आणि घाम गाळून शरीर थंड करण्याची आपल्यासारखी सोयही नाही. साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस हे त्याच्या सुखाचे तापमान. तिशीच्या जवळ पारा गेला की उष्माघाताचा धोका सुरू होतो. सशाची स्थिती फारशी वेगळी नाही. तो लांब कानांवाटे थोडी उष्णता बाहेर टाकतो, इतकेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हे प्राणी आपल्या घरात कोणत्या कोपऱ्यात राहतात यावर त्यांचे जगणे अवलंबून असते.

अलीकडे मोठ्या शहरांतील हौशी मंडळींत डेगू या चिलीतल्या लहान कृंतक प्राण्याचेही नाव ऐकू येते. तो दिवसा जागा असतो, रात्री झोपतो, कळपात रमतो. म्हणून त्याला दिवसा उजेड आणि रात्री खरा अंधार लागतो. रात्री उशिरापर्यंत दूरदर्शन संच चालणारी खोली त्याच्या कामाची नाही. त्याच्या शरीराला साखर मुळीच झेपत नाही. गोड खाल्ल्याने त्याला मधुमेह होतो, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो. चैत्रात आपल्याकडे अंगणभर मोहफुले वाळत घातलेली असतात. अशा अंगणालगत डेगूचा पिंजरा ठेवणे म्हणजे संकटाला बोलावणेच. सशाला किंवा गिनीपिगालाही कौतुकाने मोहफूल भरवू नये, त्यांचे पोट बिघडते.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही एक साधी गोष्ट केली. भिंतीवरचा तापमापक पिंजऱ्याच्या उंचीवर टांगून दुपारी तीन वाजता एकेका खोलीत पाहिला. स्लॅबखालची नवी खोली, जी आम्हाला सर्वांत चांगली वाटत होती, ती संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेलीच राहिली. जुने कवेलूचे माजघर, मातीच्या जाड भिंतींचे आणि एकाच लहान खिडकीचे, सर्वांत थंड निघाले. माळा तर विचारातही घेण्यासारखा नव्हता. आपल्या घरात असा शोध घ्यायला एक आठवडा पुरतो.

कूलरविषयी मात्र गैरसमज फार. त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडला की अंथरूण दमट होते, दमट अंथरुणातून मूत्राचा अमोनिया उग्रपणे सुटतो आणि प्राण्याच्या श्वासनलिकेला सूज येते. झोत खोलीत फिरावा, पिंजऱ्याला लागू नये. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर थंडावा देत नाही, उलट ओल वाढवतो. भारनियमनाच्या दुपारी आमच्या उपयोगी पडली ती बर्फ जमवलेली पाण्याची बाटली. फडक्यात गुंडाळून ती पिंजऱ्याच्या एका टोकाला ठेवावी, म्हणजे प्राणी हवे तेव्हा टेकतो, नको तेव्हा दूर जातो. शहाबादी फरशीचा एक तुकडाही तेच काम करतो.

स्वयंपाकघर अजिबात नको. फोडणीचा ठसका आपल्याला सोसत नाही, तर जमिनीलगत श्वास घेणाऱ्या इवल्या जीवाला काय सोसेल. शिवाय अन्नाजवळ विष्ठा नको.

झोपण्याच्या खोलीचा प्रश्न आमच्याकडे अधिक नाजूक झाला. धाकटीचा हट्ट होता की पिंजरा तिच्या उशाशी हवा. पावसाळ्यात तिची छाती वाजू लागली, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरातल्या प्राण्यांचा. अशा प्राण्यांच्या कोंड्यात, लाळेत आणि मूत्रात असणारी प्रथिने काही मुलांत दमा किंवा शिंका वाढवतात. रात्रभर तीच हवा नाकात जाणे टाळावे. प्राणी परत देऊन टाकण्याची तयारी आम्ही ठेवली होती. पिंजरा माजघरात नेला, तो घासण्याचे काम तिच्याकडून काढून मोठ्यांनी अंगणात करायचे ठरवले, आणि तिची छाती त्या हंगामात शांत राहिली. प्रत्येक घरात एवढ्यावर भागेल असे नाही. दम्याच्या मुलाबाबत निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. दमा नसला तरी प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुणे चुकवू नये. गिनीपिग आणि ससा यांच्याकडून मुलांना गजकर्ण होऊ शकते, आणि प्राण्याच्या अंगावर ते बरेचदा दिसतही नाही.

आपल्या धानपट्ट्यात मात्र सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. पिंजऱ्याखाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पावसाळी रात्री घरात शिरणारा मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, तेव्हा कळते. त्या वेळी एक क्षणही न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे, प्रतिसर्पविष तेथेच मिळते. म्हणून आमच्याकडे उरलेले खाद्य दिवेलागणीला उचलून झाकणाच्या डब्यात जाते, पिंजरा जमिनीपासून दीड हात उंच आहे, त्याची जाळी बारीक आहे आणि त्या खोलीत कोणीही खाली झोपत नाही. आईने पलंगावर झोपायला बरीच कुरकुर केली. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली की मगच दिवा मालवतो.

अंथरुणासाठी धानाची तणस आपल्याकडे फुकट मिळते, ती चालते. पण श्रावणात तिला बुरशी लागते. वास घेऊन पाहावा, कुबट असेल तर टाकून द्यावी.

जाता जाता एक गोष्ट. धान कापताना बांधावर रानसशाचे पिल्लू सापडते आणि कोणीतरी ते मुलांसाठी घरी आणतो. रानससा हा पाळीव सशाहून वेगळा प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि पिंजऱ्यात तो भीतीनेच मरतो. त्याची आई दिवसा दूर राहून संध्याकाळी दूध पाजायला येते. पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते पोरके असते असे नाही. त्याच्यासाठी घरात योग्य जागा नाही. जखमी नसेल तर ते होते तिथेच असू द्यावे, जखमी असेल तर वनविभागाला कळवावे.

एकटा उरलेला गिनीपिग पुष्कळ दिवस कोपऱ्यात तोंड घालून बसे. हिवाळ्यात त्याला जोडीदार आणला. आता माजघराच्या उत्तर भिंतीला, दोन बाजूंनी गोणपाट लावून, दोघे राहतात. या प्राण्याला क जीवनसत्त्व माणसासारखेच बाहेरून मिळवावे लागते, म्हणून रोज हिरवे लागते. सकाळी स्वयंपाकघरात सांभाराच्या जुडीचा दोरा सोडला की माजघरातून दोन शिट्ट्या येतात.