तारापूर येथील तुषारपरीक्षा

भूम तालुक्यात, बालाघाटाच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला पाण्याच्या थेंबाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. वैशाखात दिवसच्या दिवस हवेत तरंगणारी धूळ वळवाची एकच सर कशी खाली बसवते, हे त्याने जन्मभर पाहिलेले असते. हाच निसर्गनियम अणुभट्टीच्या बंदिस्त इमारतीत, म्हणजे कंटेनमेंटमध्ये, कामाला लावलेला आहे, आणि त्याची परीक्षा घेणारी यंत्रणा पालघर जिल्ह्यात तारापूर येथे, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या संशोधन केंद्रात उभी आहे. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले तेही तारापुरासच.

शीतक पाण्याची नळी फुटून इंधन वितळू लागले, तर वाफेबरोबर आयोडीन आणि सीझियम सुटतात. पहिल्यातील आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे, तर सीझियम-१३७ चे तीस वर्षांचे. अशा वेळी छतालगतच्या नोझलांतून तुषार सोडले की वाफेचे पाणी होते, दाब उतरतो, आणि फटींतून बाहेर पडू पाहणाऱ्या वायूचा जोरच सरतो. शिवाय थेंब किरणोत्सारी कणांना आपल्यासोबत तळाशी नेतात. मोठे कण थेंबावर आदळून सापडतात, अतिसूक्ष्म कण आपल्या अस्थिर भ्रमणाने त्याला चिकटतात, परंतु मायक्रॉनच्या काही दशांशांएवढे मधले कण दोन्हींतून निसटतात. आयोडीनचे मिथाइल आयोडाइड हे रूप तर पाण्याला फारशी दादच देत नाही.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी कंटेनमेंटमध्ये हायड्रोजन पेटला, दाब उसळला आणि तुषार आपोआप सुरू झाले. इंधनाचा मोठा भाग वितळूनही बाहेर गेलेले आयोडीन अत्यल्प ठरले, कारण त्यातील बहुतांश इमारतीतल्या पाण्यानेच धरून ठेवले.

मात्र याच उपायाच्या पोटात एक संकट दडलेले आहे, आणि माझ्या मते परीक्षेचे खरे प्रयोजन तेच होय. दाट वाफ हायड्रोजनला पेटू देत नाही. तुषारांनी ती वाफ ओसरली की हवेतील हायड्रोजनचे प्रमाण वाढते, आणि ते चार टक्क्यांपलीकडे गेले की ज्वलनाचे भय उभे राहते. तेव्हा फवारा केव्हा सुरू करावा, किती वेळ चालवावा, याची तजवीज अगोदरच व्हावी लागते. त्यासाठी संगणकावर इमारतीचे कप्पे कल्पून वाफ, कण आणि थेंब यांचा हिशेब मांडतात. पण नोझलमधून प्रत्यक्षात कोणत्या आकाराचे थेंब निघतात, हे समीकरण सांगत नाही, ते मोजावेच लागते. थेंबाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याचे पृष्ठफळ दुप्पट होते, परंतु असे थेंब मंद पडतात. म्हणून गणिताची खातरजमा खऱ्या पाण्याने करावी लागते. तुर्भे येथील भाभा केंद्रातही २२० मेगावॅटच्या भट्टीच्या कंटेनमेंटची, घनफळाने अडीचशेपट लहान, प्रतिकृती याच हेतूने बांधलेली आहे. स्वदेशी ७०० मेगावॅटच्या भट्ट्यांत, काकरापारपासून, वाफ थिजवणाऱ्या जुन्या जलकुंडाऐवजी तुषारांचीच योजना आहे. त्यामुळे या प्रयोगांची जबाबदारी वाढली आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सोसलेल्या आमच्या जिल्ह्यातून एवढीच विनंती आहे की, या प्रयोगांचे निष्कर्ष, त्यांतील उणिवांसह, तारापूरच्या आसपासच्या रहिवाशांपुढे सुबोध मराठीत ठेवावेत.