वारसा : सामाईक की वाटणीचा?

वारसा म्हटला की दोन प्रश्न पाठोपाठ येतात. काय मिळाले, आणि ते कोणाच्या नावावर आहे? संगणकाच्या भाषांतही हे दोन्ही प्रश्न आहेत, आणि घोटाळा बहुधा दुसऱ्यातच होतो.

ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला 67 ही भाषा घडवली. वर्ग आणि त्यापासून निघणारा उपवर्ग ही मांडणी तिथली. वर्ग म्हणजे नमुना; त्यावरून वस्तू तयार होतात. बँकेच्या प्रत्येक खात्याची शिल्लक निराळी, म्हणून ती त्या त्या वस्तूजवळ राहते. सर्वांना लागू असलेला व्याजदर मात्र वर्गाजवळ ठेवतात. तो वर्गचल, म्हणजेच क्लास व्हेरिएबल.

समजा, ‘खाते’ या वर्गात दर 4 आहे आणि ‘ठेव’ या उपवर्गात त्याच नावाने 6 लिहिला. आता ‘खाते’चा दर किती?

युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रुबी भाषेत उत्तर येते 6. तिथला वर्गचल सामाईक विहिरीसारखा आहे : एकाने मोटर लावली की सगळ्यांचेच पाणी खाली जाते. ‘बचत’ हा दुसरा उपवर्ग असेल, तर त्यालाही 6 च दिसतो.

गिडो व्हान रोसम यांच्या पायथनमध्ये मात्र उत्तर 4. उपवर्गाने किंमत लिहिली की ती त्याच्या स्वतंत्र नावावर चढते. तोवर तो मूळ वर्गाचीच किंमत वाचतो. पण ही वाटणीही पुरती नसते. वर्गचलात संख्येऐवजी यादी असेल आणि उपवर्गाने नवी यादी न देता जुनीतच भर घातली, तर ती भर मूळ वर्गातही दिसते. वाटणी झालीच नाही. विहीर तीच राहिली.

स्मॉलटॉक-80 ने दोन्ही सोयी वेगळ्या ठेवल्या. क्लास व्हेरिएबल साऱ्या कुळाचा; क्लास इन्स्टन्स व्हेरिएबलचे नाव वारशाने येते, किंमत ज्याची त्याची. रुबीतही हा दुसरा मार्ग आहे.

अशा वेळी आज्ञावली अडखळत नाही, तक्रारही करत नाही; चुकतात ते आकडे, आणि त्यांची झळ खातेदाराला लागते. म्हणून किंमत साऱ्या कुळाची की एका वर्गाची, हे आधी ठरवावे आणि मगच ती लिहावी.