कादंबरी वाचायला वेळ कुणाला आहे?

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर अर्धा तास उभे राहून पाहा. बाबासाहेबांचे खंड जातात. बुद्ध आणि त्यांचा धम्म जातो. संविधान जाते, फुल्यांची पुस्तके जातात, आत्मकथने जातात. कादंबरीकडे मात्र हात जरा उशिराच वळतो. आपल्या कार्यकर्त्याला कादंबरी म्हणजे वेळ घालवण्याचे साधन वाटते. "दादा, खोट्या गोष्टी वाचून काय मिळणार? त्यापेक्षा विचार वाचा," असे मला आमच्या शेणव्यातल्या एका तरुण पोराने सुनावले. पोरगा हुशार आहे, तळमळीचा आहे. त्याच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मी समीक्षक नाही. आसनगावहून लोकल पकडायची, बसायला जागा मिळाली तर पुस्तक उघडायचे, एवढाच माझा व्यासंग. गेल्या वर्षभरात अशा सहा-सात कादंबऱ्या वाचून झाल्या. काही जुन्या होत्या, काही नव्या.

सुरुवात 'फकिरा'पासून केली. अण्णाभाऊ साठ्यांची ही कादंबरी 1959 साली आली, 1961 साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले आणि अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मातंग समाजातला लेखक, कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता, आणि अर्पणपत्रिकेत बाबासाहेब! आज मांग-महार असा भेद उकरून काढणाऱ्यांना ही अर्पणपत्रिका रोज सकाळी वाचायला लावली पाहिजे. कादंबरीतला फकिरा दुष्काळात भुकेने मरणाऱ्या माणसांसाठी लुटीला निघतो. इंग्रजांच्या दप्तरात तो गुन्हेगार असतो आणि गावकुसाबाहेरच्या लेकरांना तो घास भरवणारा वाटतो. मारामाऱ्या, घोडे, तलवारी यांत पोरे रमतात, रमू द्या. मला मात्र भुकेची पाने जास्त खरी वाटली.

'फकिरा' संपल्यावर लगेच विभावरी शिरूरकरांची 'बळी' वाचली, हे बरे झाले. ही 1950 सालची कादंबरी. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवत, त्या वस्तीचे हे चित्रण. जन्मानेच माणसाला चोर ठरवणारा 1871 चा कायदा 1952 साली रद्द झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षे ही माणसे कायद्याने गुन्हेगारच होती. लेखिका त्या समाजातली नाही, हे काही ठिकाणी जाणवते. ती बाहेरून पाहते. पण डोळे उघडे ठेवून पाहते आणि दयेचे कढ काढत बसत नाही, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

'जैत रे जैत'बाबत मात्र माझे मन द्विधा आहे. गो. नी. दांडेकरांनी ठाकरांचा डोंगर, मध, माश्या, ढोल हे सारे प्रेमाने लिहिले आहे. 1977 साली सिनेमा आला, त्यातली गाणी आजही लग्नाच्या मांडवात वाजतात. नाग्या आणि चिंधी ही माणसे विसरता येत नाहीत. पण नाग्याचे वैर आहे डोंगरावरच्या राणीमाशीशी. आमच्या शहापूर-मुरबाडच्या ठाकराला, कातकऱ्याला विचारा तुझे वैर कुणाशी? दिवाळी झाली की तो बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो, आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी. पोराची शाळा सुटते ती सुटतेच. त्याला राणीमाशी डसत नाही, मुकादम डसतो. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ही कादंबरी नव्हे, पण त्यात वेठ आणि लग्नगडी वाचताना माश्यांच्या डंखापेक्षा खोल काही टोचते. आसनगावहून निघालेल्या लोकलचे तिसरे स्टेशन टिटवाळा. तिथे जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद झाली आणि वारली तिथे पायी चालत आले. हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे?

आता ज्या दोन पुस्तकांसाठी हे सारे लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला 1992 साली साहित्य अकादमी मिळाली आणि कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला 2023 साली. मध्ये तीस वर्षे गेली. विषय एकच आहे, धरणात गेलेले गाव. 'झाडाझडती'त जांभळी गाव उठते, खैरमोडे गुरुजी गावासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात, आणि दाखले, नकला, सातबारा, शिक्के यांच्या चक्रात माणूस पिठासारखा निघतो. 'रिंगाण'मध्ये उठवलेला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी जुन्या गावाकडे परत जातो. पहिलीत सरकारी फाईल आहे, दुसरीत रान आहे. पहिली वाचताना राग येतो. दुसरी वाचताना गप्प व्हायला होते आणि स्टेशन आल्याचे कळत नाही.

शेणव्यात बसून ही पुस्तके वाचणे आणि दादरमध्ये बसून वाचणे, यात फरक आहे. तानसा धरण 1892 सालापासून मुंबईला पाणी देते. नंतर मोडकसागर आले, भातसा आले, 2014 साली मध्य वैतरणा आले. मुंबईच्या पाण्यातला जवळपास अर्धा वाटा एकट्या भातसाचा. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर गेली कित्येक वर्षे एप्रिल-मे महिन्यांत बाया टँकरची वाट पाहतात. चवदार तळ्यावर 1927 साली पाण्याचा हक्क मागितला गेला, तो पाण्याला हात लावण्याचा हक्क होता. इथे पाण्याला हात लावायला कुणी अडवत नाही. पाणीच पाइपातून निघून जाते!

'झाडाझडती' वाचताना माझे बोट एका जागी अडकून राहिले. नुकसानभरपाई सातबाऱ्यावर मिळते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याचे काय बुडाले? कातकऱ्याची झोपडी दुसऱ्याच्या जागेवर. आपल्या लोकांच्या वतनी जमिनी, त्यांचाही घोळ 1958 च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर वर्षानुवर्षे चालला. पुनर्वसनाचा पहिला कायदाच राज्यात 1976 साली झाला. तानसा बांधले तेव्हा कोण उठले, कुठे गेले, ते कुठल्या कादंबरीत आहे? निदान माझ्या हाती ती अजून आलेली नाही. बामणाचे घर बुडाले, पाटलाचा वाडा बुडाला, देवळाचा कळस बुडाला, हे सगळे लिहिले जाते. भूमिहीनाचे बुडते तेव्हा पंचनामा कशाचा करायचा, हेच तलाठ्याला कळत नाही. कादंबरीकाराला कळले पाहिजे.

कविता महाजनांची 'ब्र' (2005) याच कारणाने आवडली. संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात फिरणारी प्रफुल्ला, आणि राखीव जागेवर सरपंच झालेल्या बाया. खुर्ची मिळाली, पण सह्या कुणी करायच्या? झेंडा कुणी फडकवायचा? आपल्या तालुक्यात ग्रामसभेला गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पुस्तक थोडे लांबले आहे, प्रफुल्लाच्या स्वतःच्या दुःखाची पाने मी भराभर उलटली. बायांची पाने मात्र दोनदा वाचली.

शेवटी अशोक व्हटकरांचे '72 मैल'. साताऱ्याच्या बोर्डिंगमधून पळालेला पोरगा कोल्हापूरकडे चालत निघतो, वाटेत राधाक्का नावाची बाई आणि तिची पोरे भेटतात. याच्यावर 2013 साली सिनेमाही निघाला. आमच्या आळीतल्या एका मावशींना मी यातली काही पाने मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांनी लेखकाचे नाव विचारले नाही, पुस्तक खरे की खोटे तेही विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, "त्या बाईच्या पायात काय होतं रे?"

मी पान मागे उलटून शोधू लागलो. "खोट्या गोष्टी" म्हणणारा तो पोरगाही तिथेच उंबऱ्यावर बसला होता. जाताना पुस्तक मागून घेऊन गेला. अजून परत केलेले नाही.